सावधान, फक्त पाच मिनिटं!

"तू? आणि मेडिटेशन?"

परवा ऑफिसच्या कँटीनमध्ये एका मैत्रिणीने हे इतक्या जोरात विचारलं, की शेजारच्या टेबलावरच्यांनीही माना वळवल्या. तिचं काही चुकलं नाही म्हणा. लिफ्टमध्ये मेल, रिक्षात कॉल, जेवताना एक्सेल शीट आणि झोपताना उशीखाली थरथरणारा मोबाइल अशी माझी ख्याती. अशी बाई सकाळी पाच मिनिटं डोळे मिटून नुसती बसते, यावर कोण विश्वास ठेवणार?

पण खरं सांगते, गेलं दीड वर्ष मी बसतेय. अगदी रोज नाही, पण बहुतेक रोज. आणि हे सगळं मनःशांती वगैरे हवी म्हणून सुरू झालं नाही. सुरू झालं ते लाज वाटली म्हणून.

'तू येणार म्हणालीस ना?'

माझं माहेर सातारा, सासर सांगली आणि नोकरी पुण्यात. म्हणजे वीकेंड हायवेवरच! गेल्याच्या गेल्या डिसेंबरात अशाच एका शनिवारी मी साताऱ्याला गेले होते. दुपारचा चहा झाला होता. बाबा समोरच्या खुर्चीत बसून काहीतरी सांगत होते आणि माझ्या हातात अर्थातच मोबाइल होता. सोमवारी क्लायंटचा रिव्ह्यू, त्यामुळे डोकं तिकडेच. मी मधूनमधून 'हं', 'हो का', 'चालेल बाबा' असं म्हणत होते. आपण सगळेच म्हणतो तसं.

बुधवारी अकरा वाजता मीटिंगमध्ये असताना आईचा फोन आला. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. बाहेर येऊन घेतला, तर ती म्हणाली, "अगं, कुठपर्यंत आलीस? बाबांना आत घेतायत. तू येणार म्हणालीस ना?"

मला काही कळेचना. कुठे आत? कशासाठी?

तर बाबांना चढावर धाप लागत होती. डॉक्टरांनी अँजिओग्राफी सांगितली होती. बुधवार ठरला होता. हे सगळं त्यांनी मला शनिवारी, समोर बसून, सविस्तर सांगितलं होतं. 'तू येशील का?' असंही विचारलं होतं. आणि मी म्हणाले होते, 'चालेल बाबा.'

पुणे-सातारा अंतर साधारण एकशे दहा किलोमीटर. त्या दिवशी ते संपता संपत नव्हतं. पोचले तेव्हा दोन स्टेंट टाकून झाले होते. सगळं सुरळीत पार पडलं होतं. बाबा पडल्या पडल्या हसले आणि म्हणाले, "कामात होतीस, राहिलं असेल लक्षात." रागावले असते तर बरं झालं असतं. पण त्या एका वाक्याने मला जे लागलं, ते कुठल्याही अप्रेझलमध्ये लागलं नव्हतं.

कारण ते लक्षात राहिलं नव्हतं असं नाहीच. ते लक्षात गेलंच नव्हतं!

अर्धा दिवस आपण असतो कुठे?

नंतर वाचत गेले तसं कळलं, की हा आजार माझा एकटीचा नाही. २०१० मध्ये हार्वर्डच्या किलिंग्सवर्थ आणि गिल्बर्ट या दोघा मानसशास्त्रज्ञांचा एक अभ्यास 'सायन्स' या नियतकालिकात आला होता. त्यांनी सव्वादोन हजारांवर लोकांना दिवसभरात अधूनमधून मोबाइलवरून विचारलं, आत्ता काय करताय आणि मन कुठे आहे? जवळजवळ ४७ टक्के वेळा उत्तर आलं की मन भलतीकडेच आहे. आणि मन भरकटलेलं असताना माणसं सुखी असतात म्हणाल, तर तसंही नाही. हातातल्या कामात मन असताना ती त्याहून जास्त समाधानी होती.

आता याला इंग्रजीत माइंडफुलनेस म्हणतात. ॲप्स आहेत, वर्कशॉप आहेत, दीड हजाराच्या उशाही आहेत. पण आपल्याकडे यासाठी एक शब्द आहे आणि तो आपण सगळ्यांनी लग्नात ऐकलाय. सावधान! स-अवधान. म्हणजे अवधानासकट, लक्ष ठेवून. आता तो शब्द आपण 'पुढे खड्डा आहे'च्या पाटीवर नेऊन ठेवलाय, ती गोष्ट वेगळी.

हा शब्द ज्यांनी मनावर घेतला त्यांची कथा तर आम्हा सातारकरांना पाठच असते. लहानगा नारायण बोहल्यावर उभा होता, भटजींनी 'सावधान' म्हटलं आणि तो खरोखरच सावध झाला, मांडवातून पळाला आणि पुढे समर्थ रामदास झाला. सज्जनगडावर शाळेच्या सहलीत ही कथा ऐकून आम्ही खूप हसायचो. समर्थांनी १६८२ मध्ये त्याच गडावर देह ठेवला. त्यांचे मनाचे श्लोक २०५ आहेत. आता या वयात ते वाचताना एक गंमत लक्षात आली. हा माणूस मनाला हाकलत नाही, बदडत नाही. आधी त्याला 'चांगल्या माणसा' अशी हाक मारतो आणि मग समजावतो. एकदा सांगून भागत नाही, म्हणून पुनःपुन्हा सांगतो. मला पुढे उपयोगी पडलं ते हेच. पण ते कळायला वेळ लागला. त्याआधी मी माझ्या स्वभावाप्रमाणे थेट क्रॅश कोर्स केला!

दहा दिवस आणि मग नऊ दिवस

फेब्रुवारीत दहा दिवस रजा टाकून विपश्यनेला गेले. सत्यनारायण गोएंकांनी ही पद्धत ब्रह्मदेशातून भारतात आणली, १९७६ मध्ये इगतपुरीला धम्मगिरीची सुरुवात झाली, हे तुम्हाला माहीत असेल. आपल्या भागात कोल्हापूरजवळ आळत्यालाही केंद्र आहे. पहाटे चारला घंटा, दिवसाला दहा तासांच्या आसपास बसणं, पूर्ण मौन आणि मोबाइल पहिल्याच दिवशी जमा. पहिले तीन दिवस फक्त श्वासाकडे बघायचं. शिबिराला फी नाही, पूर्ण झाल्यावर द्यायचं असेल तर दान.

अनुभव जबरदस्त होता, नाही म्हणणार नाही. तिसऱ्या दिवशी मला श्वास पहिल्यांदा 'दिसला'. सातव्या दिवशी गुडघ्याने असा काही हिसका दाखवला की विचारू नका. घरी येताना वाटलं, बास, आता आपण बदललो! तिथे सांगतात, रोज सकाळी एक तास आणि संध्याकाळी एक तास बसा. मी म्हटलं, त्यात काय!

नऊ दिवस. बरोबर नऊ दिवस टिकलं. दहाव्या दिवशी रिलीज होतं. अकराव्या दिवशी दमले होते. बाराव्या दिवशी बसायचं आहे हे आठवलं तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते. चूक पद्धतीची नव्हती. ज्या बाईला पाच मिनिटं वडिलांचं बोलणं ऐकता येत नाही, तिने एकदम दोन तासांचा संकल्प सोडला होता! जिमची वर्षाची फी भरून जानेवारीतच गळणारे आपण सगळे. तसंच हे.

सासूबाई, बेदाणे आणि मी

पाडव्याला सांगलीला गेलो. विश्रामबागेत आमचं घर. आणि मार्च-एप्रिलात सांगलीत गेलं की घरात काय असणार? बेदाणे! तासगाव-मिरज पट्ट्यात या दिवसांत द्राक्षं शेडमधल्या जाळ्यांवर वाळत घातलेली असतात. चार किलोंच्या आसपास द्राक्षं घ्यावीत तेव्हा किलोभर बेदाणा मिळतो आणि त्याला पंधरवडा तरी जातोच. घाई केली की माल बिघडलाच.

सासूबाई परातीत बेदाणे निवडत बसल्या होत्या. एकेक देठ काढायचा, खराब बाजूला करायचा. मी शेजारी बसून मोबाइलवर वाचत होते आणि वाचत काय होते, तर अमेरिकेतल्या जॉन कबाट-झिन यांच्याबद्दल! १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी जुनाट दुखणी आणि ताण असलेल्यांसाठी आठ आठवड्यांचा कोर्स सुरू केला. आता तो जगभर चालतो. या कोर्सच्या सुरुवातीलाच काय देतात माहितेय? एक बेदाणा. तो हातात घ्यायचा, बघायचा, बोटांत फिरवायचा, वास घ्यायचा, मग जिभेवर ठेवायचा आणि अगदी सावकाश चावायचा. त्याला रेझिन एक्सरसाइझ म्हणतात.

मी हे सासूबाईंना मोठ्या उत्साहाने सांगितलं. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "म्हणजे बेदाणा खायचा कोर्स? फी असते त्याला?" आणि परात माझ्याकडे सरकवली. "आमच्याकडे फुकट आहे. मोबाइल ठेव बाजूला आणि निवड."

मोबाइल ठेवला. पहिली पाच मिनिटं हात शिवशिवत होते. मग हळूहळू दिसायला लागलं, की हिरवा म्हणजे एकच हिरवा नसतो. प्रत्येक दाण्याच्या सुरकुत्या वेगळ्या. देठ मोडताना बारीकसा आवाज येतो. एक तोंडात टाकला. आधी काहीच नाही, मग किंचित आंबट, मग एकदम गोड. मी आजवर किती किलो बेदाणे खाल्ले असतील! पण चव घेऊन खाल्लेला तो पहिला.

मुंगीची वाट

"रोज बसायचं कसं हो, आई? माझं टिकतच नाही," मी विचारलं. सासूबाई पन्नास वर्षं पहाटे माळ घेऊन बसतात. त्यांच्या माहेरची सगळी गोंदवल्याची. माण तालुक्यातलं गोंदवले म्हणजे ब्रह्मचैतन्य महाराजांचं गाव. १९१३ मध्ये महाराजांनी देह ठेवला, पण तेरा अक्षरांचा रामनामाचा जप आजही घराघरांत चालतो. मला वाटलं, आता नामाचा महिमा ऐकायला मिळणार. त्यांनी भलतंच सांगितलं.

"तुला मुंगीची आणि पक्ष्याची गोष्ट माहितेय का?"

ही गोष्ट आमच्या सांगली जिल्ह्याला जवळची आहे. जत तालुक्यातल्या उमदीचे भाऊसाहेब महाराज हे निंबरगी-इंचगेरी परंपरेतले मोठे सत्पुरुष, १९१४ मध्ये गेले. रोज ठरलेल्या वेळी ध्यानाला बसायचं, चुकवायचं नाही, ही त्यांची शिकवण. याला म्हणतात पिपीलिका मार्ग, मुंगीची वाट. झाडावरचं फळ खायला मुंगी बुंध्यापासून एकेक पाऊल टाकत चढते. त्यांचेच शिष्य सिद्धरामेश्वर महाराज यांनी पुढे विहंगम मार्ग सांगितला. पक्षी एका झेपेत फळापाशी जातो, तसं विचाराने, समजुतीने थेट पोचायचं. मुंबईत बिडीचं दुकान चालवणारे निसर्गदत्त महाराज हे या सिद्धरामेश्वरांचे शिष्य. परदेशी मंडळी त्यांना शोधत यायची, ती ही परंपरा!

आणि भाऊसाहेब महाराजांचे आणखी एक शिष्य म्हणजे गुरुदेव रा. द. रानडे. विद्यार्थिदशेतच त्यांनी अनुग्रह घेतला आणि शेवटपर्यंत ध्यान सोडलं नाही. आमच्या घराजवळच्या विलिंग्डन कॉलेजातही ते काही काळ तत्त्वज्ञान शिकवत होते. पुढे अलाहाबाद विद्यापीठाचे कुलगुरू झाले. निवृत्तीनंतर निंबाळला राहिले आणि १९५७ मध्ये तिथेच गेले. म्हणजे नोकरी, लेक्चर्स, पुस्तकं, विद्यापीठाचं राजकारण हे सगळं सांभाळून रोज बसणारा माणूस. 'मला वेळ नाही' हे माझं आवडतं वाक्य तिथेच खाली पडलं.

सासूबाई म्हणाल्या, "पक्ष्याची वाट कुणाची काय ते मला ठाऊक नाही. पण तू मुंगी आहेस हे नक्की. आणि मुंगीने एका दिवसात झाड चढायचं ठरवलं, तर पडणारच."

माझी मुंगीछाप पद्धत

पुण्याला परत आल्यावर मी हिशोब बदलला. दोन तास नाही, एक तास नाही. पाच मिनिटं. हसा खुशाल! पण हे असं चाललं:

वेळ घड्याळाची नको, कामाची हवी. 'सकाळी सहाला' असं ठरवलं की सव्वासहाला उठल्यावर सगळंच बुडतं. मी ठरवलं, दूध तापवून गॅस बंद केला की बसायचं. दूध रोज तापतंच, त्यामुळे बसणं आठवतं.

जागा एकच. आमच्या टू बीएचकेमध्ये ध्यानाची खोली कुठून आणणार? बाल्कनीच्या दाराशी एक चटई. गुडघा दुखत असेल तर खुर्ची. पाठ सरळ, पाय जमिनीवर, एवढं पुरतं.

करायचं काय? नाकाशी येणारा-जाणारा श्वास बघायचा. मुद्दाम दीर्घ करायचा नाही. दोन-चार श्वासांत मन पळतं. कुठे गेलं ते बघायचं आणि परत आणायचं. मन पळालं म्हणजे ध्यान बिघडलं, असं मला वाटायचं. तसं नाही. पळालंय हे लक्षात येणं आणि परत आणणं हाच तर व्यायाम! आणि परत आणताना समर्थांची युक्ती वापरायची, मनाला शिव्या न देता, प्रेमाने. माळ आवडत असेल तर माळ घ्या. १०८ मणी, मेरुमणी आला की तो ओलांडायचा नाही, फिरून उलटं यायचं. नास्तिक असाल तर श्वास सगळ्यांचा सारखाच असतो.

मोबाइल दुसऱ्या खोलीत. सायलेंटवर नाही, दुसऱ्या खोलीत. वेळ लावायला ओट्यावरचा जुना टायमर आहे.

कॅलेंडरवर ठिपका. बसले त्या दिवशी दुधाच्या हिशोबाशेजारी एक ठिपका. चुकलं तर रडायचं नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली यांनी ९६ जणांवर केलेला एक अभ्यास आहे. नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, पण कुणाला १८, तर कुणाला २५४ दिवस लागतील असं दिसलं. आणि महत्त्वाचं म्हणजे एखादा दिवस चुकल्याने फारसं काही बिघडत नाही. '२१ दिवसांत सवय' म्हणणाऱ्यांना हे जरूर सांगा. माझा पहिला महिना आठ ठिपक्यांचा होता. तिसरा बावीसचा.

दिवसात एक काम 'बेदाण्यासारखं'. एक चहा, एक अंघोळ, एक पोळी भाजणं. दुसरं काहीही न करता. शक्यतो एक बोलणंसुद्धा. समोरचा बोलतोय तोवर फक्त ऐकायचं. हे सगळ्यात अवघड आहे, सांगून ठेवते.

एवढं मात्र लक्षात ठेवा

मेडिटेशन म्हणजे जादू नाही. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या 'जामा इंटर्नल मेडिसिन'मध्ये ४७ चाचण्यांचा एकत्रित आढावा आला होता. चिंता, नैराश्य आणि वेदना यांवर त्याचा मध्यम किंवा त्याहून कमी फायदा दिसला. झोप, वजन अशा बाबतींत ठोस काही हाती लागलं नाही. म्हणजे उपयोग आहे, पण तो चमत्कार नाही. सतत घाबरल्यासारखं होत असेल, झोप उडाली असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर चटई नव्हे, डॉक्टर गाठा. सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन १४४१६ या नंबरवर आहे. बसल्यावर जुनं काही वर येऊन त्रास वाढत असेल, तर थांबा आणि जाणकाराशी बोला. आणि दहा दिवसांच्या शिबिराला जायचं असेल तर आधी काही आजार असल्यास तो लपवू नका.

बाकी माझा राग गेला का? नाही. डेडलाइन आली की अजूनही मी घरात सगळ्यांवर खेकसते. फक्त हल्ली खेकसताना मध्येच कळतं, की आपण खेकसतोय. आमच्या ह्यांच्या मते हीच मोठी प्रगती आहे!

चार भिंतींपर्यंत

मागच्या महिन्यात साताऱ्याला गेले होते. तीच दुपार, तोच चहा, तीच खुर्ची. बाबा सकाळच्या फिरण्याबद्दल सांगत होते. गेली तीस वर्षं ते अजिंक्यतारा चढतात आणि त्याच त्या गोष्टी सांगतात. कोण भेटलं, धुकं किती होतं, कुणाच्या मुलाचं लग्न ठरलं. माझा मोबाइल आत पर्समध्ये होता. मी नुसती ऐकत होते.

बोलता बोलता ते म्हणाले, "मग मी तिथनंच वळलो."

"तिथनं म्हणजे?"

"चार भिंतींपासनं."

चार भिंती म्हणजे गडाच्या वाटेवर, अगदी खालीच. बाबा कधी तिथून परत फिरत नाहीत. आधीची मी असते तर 'हं' म्हणून मोकळी झाले असते. वाक्य एवढंसं, आवाजही नेहमीचाच. मी विचारलं, "रोज तिथूनच वळता का हल्ली?" ते थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "पुढं भीती वाटते गं. आईला सांगू नको."

दुसऱ्या दिवशी सकाळी दूध तापलं, गॅस बंद केला. माझी पाच मिनिटं त्या दिवशी झाली नाहीत. आम्ही दोघं चार भिंतींपर्यंत गेलो. डॉक्टरांना कधी दाखवायचं ते तिथे बसून ठरवलं. खाली सगळं सातारा दिसत होतं, कुठेतरी भोंगा वाजत होता. बाबा बोलत होते.

कॅलेंडरवर त्या तारखेला ठिपका द्यावा की देऊ नये, मला कळेना. शेवटी दिला.